उसन्या गॅरेजात जुनी कॅम्पर व्हॅन दुरुस्त करताना

फोक्सवॅगनची टाइप २ व्हॅन ब्रिटनमध्ये अजूनही कुणाच्या शेडमध्ये, कुणाच्या अंगणात ताडपत्रीखाली सापडते. इथे बोलायचं आहे ते ‘बे विंडो’ मॉडेलबद्दल, म्हणजे ऑगस्ट १९६७ पासून १९७९ पर्यंत जर्मनीत बनलेल्या, पुढे एकच मोठी वळणदार काच असलेल्या गाडीबद्दल. वेस्टफालियाने जर्मनीत आणि डेव्हन, डॉर्मोबाइल, डॅनबरी यांनी ब्रिटनमध्ये या गाड्यांचे कॅम्पर, म्हणजे आत झोपण्या-स्वयंपाकाची सोय असलेल्या गाड्या बनवल्या. पुण्याच्या रस्त्यांवरची मॅटाडोर मनात ठेवून आलेल्यांनी एवढं लक्षात घ्यावं की मॅटाडोरचं इंजिन पुढे, हिचं मागे, आणि हिला रेडिएटर नाही. हवेवर थंड होणारं इंजिन आहे. पुढचं सगळं १६०० सीसीच्या, उभ्या पंख्याच्या इंजिनाला धरून लिहिलं आहे. १७००, १८०० आणि २००० सीसीचं इंजिन आडवं, चपटं असतं आणि त्याची मापं वेगळी आहेत.

लंडन, बर्मिंगहॅमच्या घरांना अशा कामापुरतं गॅरेज क्वचितच असतं. त्यामुळे मित्राचं वर्कशॉप किंवा शेतकऱ्याचं शेड उसनं मागावं लागतं, आणि नवखा माणूस अडकतो तो इथेच. तो पहिल्या महिन्यात सगळी गाडी सुटी करतो, आणि सहाव्या महिन्यात मालकाला जागा हवी होते, तेव्हा गाडी चार स्टँडवर लटकलेली असते. म्हणून एकच नियम धरून चाला: दिवसाचं काम संपेल तेव्हा गाडी चाकांवर उभी असली पाहिजे आणि दोन माणसांना ढकलता आली पाहिजे. कुठलं काम आधी, कुठलं नंतर, हे सगळं या नियमावरून ठरतं.

जागा मागताना

मालकाशी पाच गोष्टी आधीच बोलून घ्या आणि एका कागदावर लिहा: किती महिने, कोणत्या वेळी, वीज किती ॲम्पियरची, वेल्डिंग चालेल का, आणि रंगाची फवारणी चालेल का. वेल्डिंगचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. जागेच्या विम्यात ठिणग्या उडणारं काम वगळलेलं असेल तर आग लागल्यावर भरपाई मिळत नाही, आणि ते नुकसान मालकाच्या गळ्यात पडतं. त्याला विमा कंपनीला विचारायला सांगा आणि उत्तर येईपर्यंत ग्राइंडरसुद्धा लावू नका.

दोन घटकांच्या रंगाची फवारणी उसन्या जागेत करायचीच नाही. त्यातलं आयसोसायनेट फुफ्फुसात गेलं की कायमचा दमा जडू शकतो. त्याला बंद बूथ आणि बाहेरून हवा पुरवणारा मुखवटा लागतो. प्रायमरपर्यंत स्वतः करा, वरचा रंग रंगवणाऱ्याकडे द्या.

गाडी रस्त्यावर नसेल तर ‘सॉर्न’, म्हणजे गाडी रस्त्यावर वापरात नाही अशी सरकारी नोंद, जाहीर करा. सॉर्नवर असलेली गाडी सार्वजनिक रस्त्यावर उभीही करता येत नाही, त्यामुळे शेडपर्यंत ती ट्रेलरवरच न्या. चार मीटर रुंद आणि सात मीटर लांब जागा मिळाली तर बाजूचा सरकता दरवाजा काढून ठेवून काम करता येतं. त्याहून अरुंद जागेत सिलचं, म्हणजे दरवाजांखालच्या लांब पोकळ पट्टीचं, काम अर्धं झाल्यावर गाडी फिरवावी लागते. इथेही चाकांचा नियम कामी येतो.

सुट्या भागांची शिस्त

नट-बोल्ट पिशवीत टाकून नाव लिहायचं, हे सगळेच सांगतात. त्याहून चांगला मार्ग असा: भाग निघाला की त्याचे बोल्ट त्याच्याच भोकांत हाताने दोन आटे फिरवून परत लावा. जिथे ते जमत नाही तिथेच पिशवी वापरा. पिशव्यांचे खोके गाडीच्या कोपऱ्यांप्रमाणे करा: पुढे डावा, पुढे उजवा, मागे डावा, मागे उजवा, इंजिन, आतलं. एका वेळी एकच खोका उघडा. ब्रेक सुटे करताना दुसऱ्या बाजूचा ड्रम बंदच ठेवा, म्हणजे स्प्रिंग कुठे अडकते हे पाहायला नमुना शेजारी असतो.

गंज: विकत घेण्याआधी आणि नंतर

चासी नंबर इंजिनच्या खणात ठोकलेला असतो. तिसरा अंक मॉडेल वर्ष सांगतो: २ असेल तर १९७२. मॉडेल वर्ष ऑगस्टला सुरू होतं, म्हणून सप्टेंबर १९७१ मध्ये बनलेली गाडी १९७२ ची धरली जाते. सुटे भाग मागवताना हे माहीत नसेल तर हमखास चुकीचे येतात. ऑगस्ट १९७० पासून पुढे डिस्क ब्रेक आले आणि चाकांच्या बोल्टचं वर्तुळ २०५ वरून ११२ मिलिमीटर झालं. नंबर नोंदणीच्या व्ही ५ सी कागदाशी अंकाअंकाने जुळवा.

मग हातात छोटा हातोडा आणि जाड स्क्रूड्रायव्हर घेऊन खाली झोपा. चांगला पत्रा ठणकतो, सडलेला ठपठप वाजतो. बघायची ठिकाणं: दोन्ही बाजूंचे सिल, जॅक लावायचे पॉइंट, सिलपासून चासीपर्यंत जाणारे आडवे आधार, पुढच्या सीटखालची जमीन, पुढच्या चाकांच्या कमानी, बॅटरीखालचा पत्रा, मागचे खालचे कोपरे आणि पुढच्या काचेच्या रबराखालचे दोन कोपरे. काचेचं रबर वाळलं की पाणी आत उतरतं आणि ड्रायव्हरच्या पायाखालची जमीन वरून सडायला लागते. खालून रंग चकचकीत दिसत असला तरी पायाखालचं मॅटिंग उचलून बघा.

जाड डांबरी लेप नुकताच मारलेला दिसला तर किंमत ठरवताना तिथला पत्रा गेलेलाच आहे असं धरा. बॉडीवर लोहचुंबक फिरवा. तो जिथे धरत नाही तिथे पत्र्याऐवजी लांबी (पुट्टी) भरलेली आहे.

सिल: एका वेळी एकच बाजू

हे सगळ्यात मोठं काम आहे, आणि गाडी कायमची वाकडी होते ती याच कामात.

या गाडीचा सिल तीन थरांचा असतो: आतला, मधला आणि बाहेरचा. बाहेर दिसतो तो शेवटचा. नवखा माणूस सडलेल्या सिलवर नवा बाहेरचा पत्रा चढवतो. दोन हिवाळे बरं दिसतं, मग आतला गंज बाहेर येतो. तिन्ही थर चांगल्या धातूपर्यंत कापून काढावे लागतात.

क्रम असा ठेवा:

१. गाडी सपाट फरशीवर. स्टँड लावायचे ते पुढच्या आडव्या बीमखाली आणि मागच्या टॉर्शन नळीखाली, म्हणजे मागच्या सस्पेन्शनच्या आडव्या नळीखाली. जुन्या जॅक पॉइंटवर कधीही उचलू नका, ते आत घुसतात. चाकं काढू नका.

२. सरकता दरवाजा काढण्याआधी त्याच्या चारी बाजूंची फट मोजून कागदी टेपवर लिहा आणि ती टेप तिथेच चिकटवा. मग दरवाजाच्या चौकटीचे दोन्ही कर्ण मोजा.

३. चौकटीत २५ मिलिमीटरच्या चौकोनी नळीचा आडवा आणि तिरका आधार वेल्डिंगच्या ठिपक्यांनी पक्का करा. हा आधार नसेल तर सिल कापल्यावर गाडी मधोमध दोन-तीन मिलिमीटर खचते. नवा सिल त्या खचलेल्या आकारात बसतो आणि दरवाजा पुन्हा कधीच नीट सरकत नाही.

४. आधी आडवे आधार आणि जॅक पॉइंट, मग आतला सिल, मधला आणि शेवटी बाहेरचा. एका वेळी साधारण ४० सेंटिमीटरपेक्षा जास्त कापू नका.

५. प्रत्येक थर नुसता क्लॅम्पवर लावून सरकता दरवाजा परत टांगून बघा. फट टेपवरच्या आकड्यांशी जुळली की मगच वेल्डिंग.

एक बाजू पूर्ण होईपर्यंत दुसरीला ग्राइंडर लावू नका.

वेल्डिंगला मिग मशीन, ०.६ मिलिमीटरची तार, आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइड असलेला आर्गन गॅस. नुसत्या कार्बन डायऑक्साइडवर पातळ पत्र्याला लवकर भोक पडतं. सलग रेघ ओढायचा मोह टाळा. एक ठिपका इथे, दुसरा दुसऱ्या टोकाला, तिसरा मध्ये, असं करत ठिपक्यांमधलं अंतर ३ सेंटिमीटरपर्यंत आणा, मग मधल्या जागा भरा. पत्र्याला हात लावून बघा. हात ठेववत नसेल तर थांबा. सलग रेघेने तापलेला मोठा पत्रा तेलाच्या डब्याच्या झाकणासारखा टकटक करायला लागतो, आणि तो सरळ करणं नवख्याच्या हातचं काम नाही. सीटबेल्ट, सस्पेन्शन आणि स्टिअरिंग जिथे बसतात त्यापासून ३० सेंटिमीटरच्या आतला पत्रा एमओटी या ब्रिटनमधल्या वार्षिक सुरक्षा तपासणीत बारकाईने बघितला जातो. तिथे जोड सलगच वेल्ड केलेला हवा, लांबी किंवा रिव्हेट चालत नाही.

वेल्डिंगआधी बॅटरी आणि अल्टरनेटर दोन्ही सोडा. पेट्रोलची टाकी इंजिनच्या पुढे पत्र्याच्या पडद्यामागे असते. मागच्या अर्ध्या भागात ठिणगी उडणार असेल तर ती काढूनच काम करा. आतल्या भिंतींमागे जुनी गादी किंवा तागाचा थर असतो, तो आधी उपटून टाका. कोरड्या पावडरचे दोन अग्निशामक हाताशी ठेवा. शेवटची ठिणगी उडाल्यावर एक तास शेड सोडू नका. धुमसणारा ताग अर्ध्या तासानेही पेट घेतो, आणि इथे तर शेड दुसऱ्याचं आहे.

नवा पत्रा जोडात जाण्याआधी त्याच्या दोन्ही बाजूंना झिंक प्रायमर, नंतर बाहेरून इपॉक्सी प्रायमर, मग सांध्यांवर सीलर. सिलच्या पोकळीत मेण भरायचं ते बाहेरचा रंग झाल्यावर. आधी भरलं तर भट्टीत ते वितळून बाहेर येतं आणि रंग धरत नाही. सगळ्या पोकळ्यांना मिळून चार-पाच लिटर मेण लागतं.

इंजिन उतरवणं

उतरवण्याआधी दोन चाचण्या करा. पहिली: इंजिनची मागची पुली दोन्ही हातांनी धरून आत-बाहेर ढकला. ‘ठक’ असं जाणवलं तर क्रँकशाफ्टची आत-बाहेरची ढिलाई वाढलेली आहे. मोजमापात ती ०.०७ ते ०.१५ मिलिमीटर असायला हवी. ०.१५ च्या वर गेली तर इंजिन पूर्ण खोलणं अटळ आहे, आणि ते काम अनुभवी माणसाकडेच द्यावं. दुसरी: गरम इंजिनावर चारही प्लग काढून कॉम्प्रेशन बघा. ७ ते ९ बार चांगलं, पण आकड्यापेक्षा सिलिंडरांमधला फरक महत्त्वाचा. एकच सिलिंडर २ बारने खाली असेल तर बहुधा त्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह गेलेला असतो. तिसऱ्या क्रमांकाकडे आधी बघा. जुन्या पंखाघरात ऑइल कूलर त्याच्या वाटेत येतो, म्हणून तो जास्त तापतो.

आता सोडायच्या गोष्टी: बॅटरीची निगेटिव्ह वायर, ॲक्सिलरेटरची केबल, हीटरच्या केबल आणि होस, अल्टरनेटर, कॉइल, ऑइल प्रेशर आणि ऑटोमॅटिक चोकच्या वायरी, आणि चिमटा लावून पेट्रोलची नळी. वायरींना टेप लावून नाव लिहा. इंजिन गिअरबॉक्सला १७ च्या पान्याच्या चार बोल्टांनी आणि मागच्या आडव्या आधाराला धरलेलं असतं. वजन सुमारे ११० किलो. चाकं असलेल्या जॅकवर १८ मिलिमीटर प्लायवूडची फळी ठेवून ते मागे सरकवत खाली आणा. पूर्ण सुटं होईपर्यंत ते सरळ मागेच यायला हवं. तिरकं झालं तर गिअरबॉक्सच्या शाफ्टवर वजन पडून क्लचची प्लेट वाकते.

इंजिन निघालं की गिअरबॉक्सचं मागचं टोक आधाराविना राहतं. बहुतेक जण त्याखाली जॅक ठेवून मोकळे होतात, आणि मग गाडी हलवता येत नाही. त्याऐवजी इंजिनच्या खणावर आडवी मजबूत नळी टाका आणि कसून ताणता येणाऱ्या पट्ट्याने गिअरबॉक्स तिला बांधा. गाडी पुन्हा ढकलता येते.

मागच्या हबचा ४६ मिलिमीटरचा नट सोडायचा असेल तर चाकं जमिनीवर आणि हँडब्रेक ओढलेला असतानाच ढिला करा. तो सुमारे ३४० न्यूटन-मीटरला कसलेला असतो, एक मीटर लांब नळी लागतेच. स्टँडवरच्या गाडीवर एवढा जोर लावला तर गाडी खाली येते. परत कसताना पिनेचं भोक जुळलं नाही तर नट आणखी पुढे फिरवा, मागे कधीच नाही.

इंजिन बसवताना

इंजिनभोवती पत्र्याचे तुकडे आणि त्यांच्या कडेला जाड रबरी पट्टी असते. वरची थंड हवा आणि खालची तापलेली हवा वेगळी ठेवणं हे त्यांचं काम. ही पट्टी फाटलेली असते, एखादा तुकडा गहाळ असतो, आणि दिसायला फरक पडत नाही म्हणून नवखे तसंच इंजिन चढवतात. मग पंखा सिलिंडरांवरून गेलेली गरम हवाच परत ओढतो आणि लांबच्या चढावर इंजिन जळतं. नव्या गाडीत असलेला प्रत्येक तुकडा जागेवर हवा. क्रोमचे चकचकीत पत्रे घेऊ नका, ते नीट बसत नाहीत आणि कडेला फट राहते.

टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट, रात्रभर थंड झालेल्या इंजिनवर ०.१५ मिलिमीटरला लावा, इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्ही. रोटर डिस्ट्रिब्यूटरच्या कडेवरच्या खाचेसमोर आणि पुलीची खूण क्रँककेसच्या सांध्यावर आली की पहिला सिलिंडर. नंतर पुली घड्याळाच्या उलट दिशेने अर्धा फेरा फिरवली की दुसरा, मग तिसरा, मग चौथा. फायरिंगचा क्रम १-४-३-२ असला तरी उलट फिरवल्यामुळे सरळ आकड्यांनी जाता येतं. डिस्ट्रिब्यूटरमधल्या पॉइंटची फट ०.४, प्लगची ०.७ मिलिमीटर. पॉइंट आधी लावा, टायमिंग नंतर, कारण पॉइंट हलले की टायमिंगही हलतं.

ऑइल २.५ लिटर, २०डब्ल्यू-५०. खालच्या जाळीच्या झाकणाला दोन गॅस्केट, तांब्याचे सहा वायसर आणि ६ मिलिमीटरचे सहा नट लागतात. ते फक्त ७ न्यूटन-मीटरला कसा. मनगटाने, पान्याचं टोक दोन बोटांत धरून. क्रँककेस मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची आहे, जोर लावला की स्टड आट्यांसकट बाहेर येतो. ऑइल गळतंय म्हणून आणखी कसणारा माणूस गळती वाढवूनच थांबतो. दर ५,००० किलोमीटरला जाळी धुऊन ऑइल बदला.

पेट्रोलच्या नळ्या

या गाड्या जळतात त्या बहुतेक इथेच. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१ पासून साधं पेट्रोल ई १०, म्हणजे १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेलं, आहे आणि ते इथेनॉल जुन्या कापडी वेष्टनाच्या नळीला आतून खातं. बाहेरून नळी ठीक दिसते. वाकवून बघा, बारीक भेगा दिसतील. टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतची सगळी नळी एकदमच बदला: ५ मिलिमीटर आतल्या व्यासाची, नळीवर आर ९ छापलेली, साधारण २ मीटर, प्रत्येक टोकाला क्लॅम्प.

तीन जागा नीट बघा. कार्बोरेटरमधली पेट्रोल आत घेणारी पितळी नळी नुसती दाबून बसवलेली असते. ती हाताने फिरत असेल तर गाडी सुरूच करू नका. पुढच्या पत्र्यातून धातूची नळी जाते तिथे रबरी बूच हवं, नाहीतर पत्र्याची कड तिला कापते. आणि फिल्टर डिस्ट्रिब्यूटरच्या वर लटकवू नका. त्याच्या वजनाने सांधा सैल झाला की पेट्रोल थेट ठिणगीवर पडतं. फिल्टर पत्र्याच्या अलीकडे, टाकीच्या बाजूला बसवा. मॅग्नेशियमने पेट घेतला की पाणी टाकल्याने आग भडकते, म्हणून पेट्रोलची ज्योत पहिल्या काही सेकंदांत पावडरने विझवायला हवी. प्रवासातही अग्निशामक सीटजवळ ठेवा, मागे इंजिनपाशी नाही.

ब्रेक

जुन्या शू आणि पॅडमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ड्रम उघडून हवेने धूळ उडवू नका. पाणी फवारून ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं पिशवीत बंद करून टाका. मास्टर सिलिंडर, चारही चाकांचे सिलिंडर किंवा कॅलिपर आणि चारही रबरी होस नवे घाला. होस आतून सुजलेले असतात. पेडल सोडलं तरी ब्रेक धरून राहतो आणि माणूस विनाकारण कॅलिपर बदलत बसतो. लोखंडी नळ्यांऐवजी तांबे-निकेलच्या ४.७५ मिलिमीटरच्या नळ्या वापरा. हवा काढायला डॉट ४ द्रव एक लिटर पुरतो. ज्या चाकापर्यंतची नळी सगळ्यात लांब, तिथून सुरुवात. उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत ते मागचं डावं चाक.

आतलं

फर्निचर शेवटी, आणि हलकं. भिंतींना ४ मिलिमीटरचा, कपाटांना १२ मिलिमीटरचा प्लाय पुरतो. आत काचेचा कापूस भरू नका, तो ओल धरतो आणि नवा पत्रा आतून सडवतो. बंद पेशींचा फोम चिकटवा. दुसऱ्या बॅटरीच्या पॉझिटिव्ह वायरवर फ्यूज बॅटरीपासून ३० सेंटिमीटरच्या आत हवाच. स्वयंपाकाच्या गॅसची जोडणी एलपीजीसाठी ‘गॅस सेफ’ या ब्रिटनमधल्या अधिकृत यादीत नोंदणी असलेल्या कारागिराकडूनच करून घ्या. जमिनीत उघडं भोक ठेवायला त्याला आठवण करा, कारण हा गॅस हवेपेक्षा जड असतो आणि खालीच साचतो.

बाहेर काढताना

४० वर्षांवरच्या, मोठे बदल न केलेल्या गाडीला ब्रिटनमध्ये एमओटी सक्तीची नाही. तरी ती करून घ्याच, विशेषतः वेल्डिंग नवख्या हाताचं असेल तर. आधीच वेळ घेतलेल्या एमओटीला सॉर्नवरची गाडीही चालवत नेता येते, विमा मात्र हवा.

पहिल्याच दिवशी लांब जाऊ नका. २० किलोमीटर, मग थांबून इंजिनखाली टॉर्च मारा. गाडी चालवताना लाल चार्जिंगचा दिवा लागला तर तिथेच थांबा. एकच पट्टा अल्टरनेटर आणि पंखा दोन्ही फिरवतो, तो तुटला की पंखाही थांबलेला असतो. नवा पट्टा पहिल्या १०० किलोमीटरमध्ये ताणला जातो. अंगठ्याने दाबल्यावर साधारण १५ मिलिमीटर दबेल इतका ठेवा. ५०० किलोमीटरला ऑइल बदला, टॅपेट पुन्हा बघा, चाकांचे बोल्ट आणि मागच्या हबचा नट पुन्हा कसा.

शेड परत देण्याआधी फरशीवरून लोहचुंबक फिरवा. ग्राइंडरचे लोखंडी कण पहिल्या पावसाळी हवेत गंजून फरशीवर तांबडे डाग पाडतात, आणि शेजारी मालकाची गाडी उभी असेल तर तिच्या काचेतही रुततात. ती गाडी पहिल्या दिवशीच जाड गोधडीने झाकलेली बरी.